एका सेकंदाचा दोष

कृत्रिम उपग्रह पाहायला दुर्बीण लागत नाही, हे सांगितलं की लोकांचा माझ्यावरचा विश्वास कमी होतो. निदान घुमटाखाली बसलेला, पांढऱ्या कोटातला माणूस तरी त्यांना हवा असतो. प्रत्यक्षात सूर्य मावळून पाऊण तास झाला की जमिनीवर अंधार पडलेला असतो, पण पाच-सातशे किलोमीटर उंचीवर अजून ऊन असतं. त्या उन्हात एखादा उपग्रह चमकतो, चांदणीसारखा दिसतो आणि चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडून जातो. दिवा लुकलुकत नाही, आवाज येत नाही. एवढंच आहे.

"विमान आहे हो ते," आमच्या सोसायटीचे अध्यक्ष मला पहिल्या आठवड्यातच म्हणाले. मी चिकलठाण्याच्या बाजूला राहतो आणि विमानतळ जवळ आहे. इथल्या माणसाला आकाशात हलणारं सगळं विमानच वाटतं. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नसतो.

हे काम मी पुष्कळ वर्षं करतो आहे. नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली. पैठण, गंगापूर, वैजापूर करत बांधांवरून फिरलो. एका वितीच्या हद्दीसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जाताना इतके पाहिले, की लग्न करून आपणही एखादी हद्द निर्माण करावी असं वाटलं नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या गावी करायला काही नसायचं. वर बघायची सवय तिथली. वर कोणाचा बांध नव्हता.

पुढे कॅमेरा घेतला. कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर ठेवायचा, आकाशाच्या ठरलेल्या भागाकडे तोंड करायचं आणि शटर दहा सेकंद उघडं ठेवायचं. तारे ठिपके होऊन उमटतात, उपग्रह रेघ होऊन. ती रेघ कोणत्या ताऱ्यांच्या मधून गेली आणि नेमकी किती वाजता, हे कळलं की उपग्रहाची वाट काढता येते. काही उपग्रह असे असतात की त्यांचे मालक ते कुठे आहेत हे सांगत नाहीत. काही मेलेले असतात आणि त्यांच्याबद्दल बोलायला कोणाला वेळ नसतो. जगभरात आमच्यासारखी थोडी रिकामटेकडी माणसं आपापल्या गच्च्यांवरून त्यांची मोजणी करत असतात. म्हणजे निवृत्तीनंतरही मी खात्यातच राहिलो, असं म्हणता येईल.

कुठे, हे फोटो सांगतो. कधी, हे सांगणं अवघड. उपग्रह एका सेकंदात सात किलोमीटरच्या पुढे जातो. तुमचं बोट बटणावर अर्धा सेकंद रेंगाळलं, की तो छावणीतून क्रांती चौकात पोचलेला असतो.

या बोटासाठीच माझी एका माणसाशी गाठ पडली, आणि त्या माणसाला मी कसं गमावलं ते मला इथे सांगायचं आहे.

माझं स्टॉपवॉच बंद पडलं म्हणून मी सिटी चौकाच्या मागच्या गल्लीत एका घड्याळजीकडे गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा: काचेचं काउंटर, मागे एक स्टूल, पुढे गिऱ्हाइकासाठी एक बाक. घड्याळजी माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा, पांढरी दाढी, एका डोळ्याला भिंग. त्यानं स्टॉपवॉच उघडलं आणि विचारलं, "दौड़ते क्या आप?"

"नाही."

"बच्चों को दौड़ाते?"

"नाही. उपग्रह मोजतो."

त्यानं भिंग काढलं नाही. "वो रुकते क्या आपके वास्ते?"

"रुकत नाहीत, म्हणून तर हे."

"तो फिर ये नक्को. इसका बटन दबाने में ही आधा सेकंद खाता. शाम को आता मैं. दिखाओ मेरे को, करते क्या."

गंगापूरहून आलेल्या शेतकऱ्याशी तो चोख मराठी बोलायचा, "दादा, सेल गेलाय, यंत्र ठीक हाय," असं. माझ्याशी मात्र दखनीतच, बहुधा मी वाचणारा माणूस म्हणून ती मला यायलाच हवी असं त्याचं मत असावं.

तेव्हा मी छावणीत भाड्यानं राहत होतो. तो गच्चीवर आला, दोन उपग्रह पाहिले, तीन वेळा "माशाल्ला" म्हणाला आणि चौथ्या दिवशी एक लाकडी पेटी घेऊन आला. पेटीत एका घड्याळाचं यंत्र आणि छोटा स्पीकर होता. दर सेकंदाला टक् आणि दर दहाव्या सेकंदाला टक्-टक्. रोज संध्याकाळी ती उपग्रहांकडून मिळणाऱ्या वेळेवर लावून घ्यायची. "चोर को ही पूछ रए, चोरी कब की," तो म्हणाला. मग त्यानं पिशवीतून एक काळा पुठ्ठा काढला. शटर मी उघडायचं. पेटीच्या ठोक्यावर त्यानं पुठ्ठा भिंगापुढे धरायचा, पुढच्या ठोक्याला काढायचा. तेवढा वेळ प्रकाश अडायचा आणि फोटोतली रेघ तुटायची. ती तुटलेली जागा म्हणजे आमची वेळ.

हे दोन माणसांचं काम होतं. शिवाय एका माणसाचे हात असे हवे होते, की जे केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं बसवताना थरथरत नाहीत.

तो मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची नमाज पढून यायचा आणि रात्रीच्या इशाच्या आधी जायचा. या दोन नमाजांच्या मध्ये जेवढा वेळ असतो, जवळजवळ तेवढाच वेळ संध्याकाळचे उपग्रह चांगले दिसतात. हे कोणी ठरवून केलेलं नाही, पण आमच्या सोयीचं होतं. रमजानात तो डब्यातून भजी आणायचा. ढग असले तरी यायचा. खालून ओरडायचा, "साब, चढूँ के जाऊँ?" मी "ढग आहेत" म्हणालो की चढायचाच. मग पेटीची टकटक बंद करून आम्ही चहा प्यायचो. तो शहरातल्या कुठल्या मोठ्या माणसाच्या मनगटावर नकली घड्याळ आहे ते सांगायचा. नावं इथे देत नाही, पण मी पुष्कळ सभांमध्ये व्यासपीठाकडे त्या नजरेनं पाहिलं आहे.

छावणीतल्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना माझ्या खोल्या हव्या झाल्या. मी चिकलठाण्याच्या बाजूला फ्लॅट घेतला. आता त्याला जालना रोड सबंध ओलांडून स्कूटरवर यावं लागे. तो येत राहिला. नव्या गच्चीच्या उत्तरेला शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आडवी येते, म्हणून आम्ही पश्चिमेकडून पूर्वेला जाणारे उपग्रह तेवढे टिपत होतो.

आमची मोजमापं जातात ती एका दूरच्या, थंड देशातल्या निवृत्त गृहस्थाकडे. तो सगळ्यांची निरीक्षणं गोळा करतो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. त्याचं पत्र दोन ओळींच्या वर जात नाही: "निरीक्षणं मिळाली. ठीक आहेत." खात्यातल्या सबंध नोकरीत मला "ठीक आहे" असं कोणी लिहून दिलं नव्हतं, म्हणून त्या दोन ओळींची मी वाट पाहत असे. फ्लॅटवर आल्यानंतर काही महिन्यांनी त्याचं पत्र आलं: "आपल्या सगळ्या वेळा सुमारे एक सेकंद उशिराच्या येत आहेत. घड्याळ तपासावं."

मी ते घड्याळजीला वाचून दाखवलं. तो पेटी दुकानात घेऊन गेला, चार दिवस चार घड्याळांशेजारी ठेवली आणि परत आणली.

"घड़ी में कुछ नहीं है साब."

"मग?"

"मग क्या? उनकू बोलो, गिनती दुबारा करो."

गिनती दुबारा झाली. महिन्याभरानं पुन्हा तेच. एक सेकंद, उशिरा. मी म्हणालो, "घड्याळ ठीक आहे, तर मग हात?"

त्यानं दोन्ही हात उजेडात धरले आणि दुसऱ्या कोणाची दुरुस्तीला आलेली वस्तू पाहावी तसे उलटसुलट करून पाहिले. "हाथ?" एवढंच म्हणाला. त्यानंतर पुठ्ठा धरताना तो मोठ्यानं आकडे मोजू लागला. पूर्वी मोजत नसे.

त्याच सुमारास शहरातल्या एका शिक्षणसंस्थेनं आपल्या वर्धापनदिनी माझा सत्कार करायचं ठरवलं. बॅनरवर माझ्या फोटोखाली "थोर अंतराळ संशोधक" असं होतं. मी सचिवांना म्हणालो की मी मोजणी खात्यातला निवृत्त माणूस आहे. ते म्हणाले, "सर, बॅनर छापून झालं." प्रमुख पाहुणे एक तास वीस मिनिटं उशिरा आले. आपल्याकडे हे सगळं आधीच होतं, असं त्यांनी उपग्रहांबद्दल सांगितलं. दरम्यान एक चांगला उपग्रह मांडवावरून जाऊन परत न दिसण्याच्या वाटेला लागला होता. मला शाल, नारळ, फेटा मिळाला. एवढं ओझं अंगावर असताना मला बोलायला सांगितलं.

घड्याळजी तिसऱ्या रांगेत बसला होता. इस्त्रीची पांढरी सलवार-कमीज, अत्तर. मीच बोलावलं होतं.

मी बरा बोलतो. मला ते माहीत आहे आणि तोच अडचणीचा भाग आहे. मी म्हणालो की जगभरातले लोक आम्हाला विचारतात, तुमचा एक सेकंद कुठे जातो? तर तो माझ्या या मित्राच्या खांद्यापासून बोटापर्यंतच्या प्रवासात खर्च होतो. मी त्याच्याकडे हात केला. आपली ओळख करून देत आहेत असं वाटून तो उठला आणि सगळ्यांना सलाम केला. लोक हसले. बोलणाऱ्याला हशा मिळाला की पुढचं वाक्य सुचतं, आणि ते बहुधा आधीच्यापेक्षा वाईट असतं. मी म्हणालो, "यांच्याकडे ज्यांची घड्याळं आहेत, त्यांनी घरी जाऊन वेळ एकदा बघून घ्यावी."

मांडव कोसळेल इतके लोक हसले. पाहुणेही हसले. तोही हसला, उभ्या उभ्या, आणि मग हळूच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी आला. खालून ओरडला नाही. त्यानं पेटी कठड्यावर ठेवली, तिच्याखाली पुठ्ठा सरकवला, उडू नये म्हणून.

"साब, दूसरा हाथ देखो," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

आठवडाभर रुसेल, असं मला वाटलं. आठवड्यामागून आठवडे गेले. ते थंडीचे दिवस होते, आणि आकाश इतकं स्वच्छ होतं की राग यावा. मी उजव्या हातात शटरची वायर आणि डाव्या हातात पुठ्ठा धरून पाहिला. शटर उघडलं की पुठ्ठा विसरायचा, पुठ्ठा धरला की तिकाटणं हलायचं. पेटी टकटक करत राहायची. मी ती बंद करून ठेवली. एका माणसासाठी ती फार मोठ्यानं वाजत होती.

एकटं असण्याची मला सवय होती, किंवा आहे असं मी समजत होतो. रात्रीच्या जेवणाला एकटं असणं वेगळं. कोणती वस्तू किती वाजता, कुठल्या दिशेनं उगवणार हे आपल्याला ठाऊक असावं आणि ते ज्याला सांगावं असा माणूस साऱ्या शहरात एकच असावा, हे वेगळं. उपग्रह वेळेवर यायचा. मी मान वर करून "आला" म्हणायचो. माझंच मला ऐकू यायचं.

एकदा नव्या उपग्रहांची माळ जाताना दिसली, एकामागे एक असे वीसेक ठिपके. तेव्हा सगळी सोसायटी मोबाइल घेऊन गच्चीवर धावली. "लई भारी!" "परग्रहावरचं हाय का?" तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलं, "काका, तुम्हाला आधीपासून माहीत होतं व्हय?"

"हो."

"मग सांगायचं की!"

मी दोन महिने नोटीस बोर्डावर वेळापत्रक लावत होतो, टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी. ते मी त्यांना सांगितलं नाही. जाता जाता त्या म्हणाल्या, "तुमचे ते दोस्त दिसत नाहीत आजकाल, पुठ्ठा धरायचे ते?"

"कामात आहेत," मी म्हणालो.

दोनदा मी त्या गल्लीतून गेलो, समोरच्या बाजूनं. तो भिंग लावून वाकलेला दिसला. मी थांबलो नाही. कारण साधं होतं: मला वाटत होतं की माझी बोलण्याची रीत चुकली, पण आकडा खरा होता. एक सेकंद होताच की. खऱ्या आकड्याबद्दल माफी मागायची सवय खात्यात लागलेली नव्हती.

मग थंड देशातल्या गृहस्थाचं पत्र आलं. दक्षिणेकडून उत्तरेला जाणारा एक जुना, मेलेला उपग्रह होता. पुष्कळ दिवसांत तो कोणी पाहिला नव्हता. "तो आपल्या डोक्यावरून जाईल. वेळेची गरज नाही. नुसती रेघ पाठवली तरी चालेल." जणू मी एकटा पडल्याचं त्याला कळलं होतं. मी टाकीच्या अलीकडे, डोक्यावरच्या आकाशात कॅमेरा लावला. रेघ सुरेख आली. न तुटलेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी पाठवली.

उत्तर चार ओळींचं होतं. त्याच्या मानानं तो निबंधच.

"रेघ चंद्राच्या रुंदीपेक्षाही जास्त पश्चिमेला सरकलेली आहे. तो मार्ग आम्हाला इतरांकडून आता पक्का मिळाला आहे, त्यामुळे चूक उपग्रहाची नाही. घड्याळामुळे रेघ बाजूला सरकत नाही. आपण उभे कुठे आहात?"

मी हे वाक्य दोनदा वाचलं. मग निरीक्षणांची फाईल उघडली. तिच्या पहिल्या ओळीत निरीक्षकाची जागा असते: ठिकाणाचं नाव, अक्षांश, रेखांश, उंची. ती ओळ एकदा लिहायची, पुढे प्रत्येक पत्रासोबत ती आपोआप जाते. माझ्या ओळीतले आकडे छावणीचे होते. घर बदललं, गॅसची जोडणी बदलली, आधार कार्डावरचा पत्ता बदलला. आकडे बदलले नाहीत. ही ओळ मी मधल्या काळात उघडलीच नव्हती, असंही म्हणायला जागा नव्हती. शहराचं नाव बदललं त्या आठवड्यात मी ती उघडली होती. जुनं नाव काढून नवं घातलं, स्पेलिंग दोनदा तपासलं, फाईल बंद केली. नाव अद्ययावत, माणूस आठ किलोमीटर चुकीच्या जागी.

माझा फ्लॅट छावणीच्या पूर्वेला आहे. पश्चिमेकडून येणारा उपग्रह छावणीवरून माझ्यापर्यंत यायला सुमारे एक सेकंद घेतो. तोच हा सेकंद. कोणाच्या हातात तो कधी नव्हताच.

मोजणीला गेल्यावर पहिलं काम आपण उभे आहोत ती जागा पक्की करण्याचं. बाकी सगळं त्यानंतर. नव्यानं भरती झालेल्या मुलांना मी यावरून उन्हात उभं करून बोललो आहे. त्यातली काही अजून नोकरीत आहेत. त्यांनी हे वाचू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरे आकडे घालून सगळी जुनी निरीक्षणं पुन्हा काढली. हाताचा दोष सेकंदाचा दीड-दोन दशांश निघाला, कधी पुढे, कधी मागे. माणसाच्या हाताकडून याच्यापेक्षा जास्त मागता येत नाही. मी ते छापून घेतलं आणि बसनं सिटी चौकात गेलो.

बाकावर एक गिऱ्हाईक भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन बसलं होतं. ते जाईपर्यंत मी उभा राहिलो. मग सांगितलं, जसं घडलं तसं. त्यानं चिमटा खाली ठेवला नाही.

"तो मेरा हाथ सही था."

"हो."

"ये मेरे को मालूम था साब. आपको नहीं था."

मी म्हणालो की माझं चुकलं. त्यानं एक चाक यंत्रात बसवलं, फुंकर मारली.

"उसके बाद तीन जन घड़ी वापस ले के गए. खोलने के पहले. एक की तो उसके अब्बा की घड़ी थी, अब्बा के वक्त से मैंच देखता. बोला, चाचा, बाद में लाता. नहीं लाया."

"मी भेटतो त्यांना."

"किस-किस को मिलते? मांडव भर के था." त्यानं पहिल्यांदा भिंग काढलं. "आप माइक पे बोले, साब. अब यहाँ आके कान में बोल रए."

मी सचिवांकडे गेलो. त्यांच्या संस्थेचा पुढचा कार्यक्रम बक्षीस समारंभाचा होता. मी म्हणालो, मला पाच मिनिटं द्या, जाहीर माफी मागायची आहे. ते खुर्चीत मागे रेलले.

"सर, माफी हा शब्द कार्यक्रमपत्रिकेत बरा दिसत नाही."

"मग काय दिसतं?"

"मनोगत."

मला बक्षिसांनंतर आणि आभारप्रदर्शनाच्या आधी वेळ मिळाला. जेवणाच्या पंगती लागत होत्या, मागच्या रांगा उठत होत्या. मी घड्याळजीला कळवलं होतं. तो आला नव्हता. मी एकही गमतीचं वाक्य न बोलता सांगितलं: याच ठिकाणी मी एका कारागिराच्या हाताला दोष दिला, तो दोष माझा होता, मी माझ्या घराचा पत्ता बदलायचा विसरलो. त्याचा हात या शहरात मला माहीत असलेला सर्वांत अचूक हात आहे. ज्यांनी त्याच्याकडून घड्याळं परत आणली, त्यांनी ती पुन्हा त्याच्याकडे न्यावीत.

उठणारे दोघे-तिघे थांबले. मला वाटलं, पोचलं. तेवढ्यात सचिवांनी माझ्या बाजूनं वाकून माइक धरला. "किती हा मनाचा मोठेपणा! एवढे मोठे संशोधक, पण बघा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. एक शाल माझ्या खांद्यावर आली. मी ती काढून टेबलावर ठेवली आणि निघालो. त्यांनी दुसऱ्या दिवशी घरी पोचवली, पत्रासह.

मी पुन्हा गल्लीत गेलो तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं.

"सुना मैं. फिर आपकोच ताली मिली."

मी बाकावर बसलो.

"पहले मेरे पे हँसे. अब आपके वास्ते ताली बजाए. मेरा क्या हुआ इसमें?" तो रागावून बोलत नव्हता. घड्याळाचा बिघाड समजावून सांगतात तसं बोलत होता.

गेल्या खेपेला पिशवीतच राहिलेले छापील कागद मी काढून काचेवर ठेवले. दुसरं काही आणलंच नव्हतं. एकेका संध्याकाळची एकेक ओळ, शेवटच्या रकान्यात हाताचा दोष. त्यानं भिंग लावलं आणि वाचायला लागला. अंगठा एकेका ओळीवरून खाली सरकत होता. बाहेर रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. एक गिऱ्हाईक येऊन थांबलं, कंटाळून गेलं. एका ओळीवर अंगठा थांबला.

"ये चार दशांश?"

"त्या दिवशी वारा होता. पुठ्ठा हलला असेल."

"वारा-बिरा नहीं. बुखार था मेरे को उस दिन. मैं बोला नहीं आपको." तो पुढे वाचत गेला. शेवटच्या पानावर पोचल्यावर त्यानं सगळे कागद सरळ केले. काउंटरची काच उचलली, पहिलं पान तिच्याखाली सरकवलं, आकडे गिऱ्हाइकाच्या बाजूला येतील असं.

"पूछेगा कोई तो बताता मैं," तो म्हणाला.

मग त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. आम्ही प्यालो. मी पेटीचं सांगितलं. सेल गळून आत हिरवा गंज चढला होता. तो म्हणाला, ले के आओ. मला धीर आला. मी म्हणालो, "मग उद्या? सव्वासातला एक चांगला आहे."

त्यानं कप खाली ठेवला.

"नहीं साब."

"राग आहे अजून?"

"राग नहीं. खतम हुआ राग." त्यानं उजवा हात वर उचलला, पुठ्ठा धरताना धरायचा तसा. "अब टक् पे हाथ उठाऊँगा तो कान में वो हँसी आएगी. हाथ रुकेगा थोड़ा. फिर सच में सेकंद जाएगा, और इस दफा कागज पे मेरे नाम का जाएगा." हात खाली आला. "पेटी लाते रहना. मिला के देता मैं, हर जुमेरात."

मगरीबची अजान झाली. त्यानं शटर ओढलं, कुलूप लावलं, मला सलाम केला आणि मशिदीकडे वळला. मी जालना रोडची बस पकडली.

दर गुरुवारी मी पेटी घेऊन जातो. तो ती लावून देतो आणि आम्ही थोडं बोलतो. काचेखालचं पान थोडं पिवळं पडलं आहे. वडिलांचं घड्याळ नेणारं गिऱ्हाईक परत आलेलं नाही. बाकीचे दोघे आले. पुठ्ठा आता मीच धरतो, शटरसाठी एक स्वस्तातलं यंत्र मिळालं आहे. माझा हात तीन दशांश सेकंद उशिरा पडतो आणि तो तसा पडतो हे मी प्रत्येक पत्रात लिहितो.

फाईलच्या त्या पहिल्या ओळीत, उंचीच्या पुढे, निरीक्षकांची संख्या लिहायची एक छोटी जागा असते. अक्षांश-रेखांश दुरुस्त केले त्या सकाळी मी तिच्याकडे पाहिलं होतं आणि तशीच राहू दिली होती. गेल्या गुरुवारी बसमधून उतरून घरी आलो, गच्चीवर जायच्या आधी फाईल उघडली आणि तिथला दोन काढून एक केला.